पाणी न होणारा बर्फ

हे लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल आधी क्षमा मागतो. दिवाळी अंकात लिहावे असे माझ्या हातून फारसे काही घडलेले नाही, आणि जे घडले त्यातले निम्मे इतरांनी घडवलेले आहे. संपादकांना मी तसे कळवले होते आणि माझ्याऐवजी नामदेवमामांचे नाव सुचवले होते. मामा हे आमच्या बर्फाच्या कारखान्यातले सर्वांत जुने ऑपरेटर. त्यांना विचारले तर ते म्हणाले, “सर, तुमीच लिवा. मी सांगितलं तर गप्पा होतील, तुमी सांगितलं तर शास्त्र व्हईल.” यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही मला ठरवता आलेले नाही.

मी रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर. पाताळगंगेच्या काठच्या एका रंगांच्या कंपनीत, प्रयोगशाळेच्या बंद दाराआड, माझी सव्वीस वर्षे गेली. कंपनी बंद झाली तेव्हा मला बावन्नावे लागले होते. विचुंब्याच्या नव्या घरात आठ महिने खिडकीशी बसून काढल्यावर पनवेलच्या खाडीकडच्या या कारखान्यात देखरेखीची जागा रिकामी असल्याचे कळले, आणि लोक ज्या वयात निरोपाचा नारळ घेतात त्या वयात मी उमेदवार म्हणून दाखल झालो. काचेच्या नळीतला द्रव थेंबाथेंबाने मोजणाऱ्या माणसापुढे एकदम सव्वाशे किलोची लादी आली. पहिल्या दिवशी मी तिला हात लावला, तर बोट तिला चिकटले. मामा शांतपणे म्हणाले, “वडू नका. थोडं पानी वता. ती सोडंल.”

बर्फाचा कारखाना म्हणजे मोठा फ्रिज, असा पुष्कळांचा समज असतो. तसे ते नसते. जमिनीत एक प्रचंड टाकी असते आणि तिच्यात मिठाचे दाट पाणी. हे पाणी बर्फाहूनही थंड असते, पण त्यातल्या मिठामुळे ते गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे रांगेने उभे सोडतात. डब्यातले पाणी बाजूंनी आत असे गोठत जाते आणि दिवसभराने लादी तयार होते. मग डबा उचलून साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचा; कडेचा बर्फ किंचित सुटतो आणि लादी घसरून बाहेर येते. मिठाच्या पाण्याला थंड ठेवण्याचे काम टाकीतल्या नळ्यांमधला अमोनिया करतो, आणि तो हे काम उकळून करतो. उकळणे म्हणजे तापणे अशी आपली चुलीवरची समजूत. अमोनियाला उकळायला चूल लागत नाही. शून्याखालच्या पाण्यातली उरलीसुरली ऊबही त्याला पुरते. ती ऊब घेऊन तो वायू होतो, आणि ज्याची ऊब गेली ते आणखी गार होते.

मामांना हे माझ्याआधी कितीतरी वर्षे ठाऊक होते, केवळ वेगळ्या शब्दांत. त्यांचे वडील उरणकडच्या मिठागरात होते. मामा म्हणत, “बापानं पानी उडवून मीठ काडलं. मी मिठात पानी बुडवून बरफ काडतो. पान्याला एका जागी बसू द्यायचं नाय, हाच आमचा खानदानी धंदा.”

मी पुस्तकातून आलो होतो, त्यामुळे सुरुवातीला चुकाही पुस्तकी केल्या. मिठाचे पाणी आणखी थंड ठेवले तर लादी लवकर होईल, असा हिशेब करून मी तसे करवले. लादी लवकर झाली. पण डबा पाण्यात बुडवताच आतून तडतड आवाज आला आणि लादीभर बारीक भेगा गेल्या. त्या वेळी मला त्या काचेवरच्या नक्षीसारख्या सुंदर वाटल्या. आठवड्याने करंजा बंदराचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख, कारखान्यात आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला. भेगाळलेला बर्फ होडीच्या कप्प्यात फुटून त्याचा चुरा झाला होता, चुरा लवकर वितळला होता, आणि परतीच्या वाटेवर अर्धी पापलेटं मऊ पडली होती. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “सर, तुमचा बरफ लई घाईचा हाय. आमाला निवांत बरफ लागतो.” त्या दिवसापासून मी तापमानाला हात घालण्यापूर्वी मामांच्या चेहऱ्याकडे पाहू लागलो.

गिऱ्हाइकेही तऱ्हेतऱ्हेची. एका लग्नघराला स्वागतमंचावर ठेवायला गुलाबपाकळ्या गोठवलेली लादी हवी होती. आम्ही डब्यात पाकळ्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तो कडेची वीतभर लादी काचेसारखी स्वच्छ, आणि साऱ्या पाकळ्या मधोमध एका पांढुरक्या दांड्यात कोंबल्यासारख्या. पाणी गोठताना जे पाणी नाही त्याला पुढे ढकलत नेते. हवा, माती, पाकळी, सारे शेवटी मध्यभागी जाऊन अडकते. नवरदेवाचे काका म्हणाले, “अहो, ही तर फुलांची अंडरग्राउंड पाइपलाइन झाली.” लादी मात्र घेऊन गेले.

आता ज्या प्रसंगासाठी मी संपादकांना होकार दिला, तो सांगतो. यातल्या माणसांची नावे मी बदलली आहेत.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. शुक्रवारची सकाळ. साडेआठच्या सुमारास डॅनियल आपटेकर नावाचे बँकेतले एक अधिकारी कारखान्यात आले. त्यांचे सॉलोमनकाका आदल्या संध्याकाळी गेले होते. हे कुटुंब आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले, म्हणजे बेने इस्रायली. काकांचा एकुलता मुलगा मोझेस इस्रायलमध्ये असतो. तो मिळेल त्या विमानाने निघाला होता आणि दुपारी मुंबईत उतरणार होता. या समाजात दफन शक्य तितक्या लवकर करतात. त्यातून शुक्रवार, सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा शनिवारचा पवित्र विश्रांतीचा दिवस, लागतो, आणि शब्बाथला दफन करीत नाहीत. समाजातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले होते की चार वाजेपर्यंत मोझेसची वाट पाहायची. तोवर तो आला तर वडिलांचे मुख पाहील, नाही तर त्याच्याविना निघायचे.

“गावातल्या दोन्ही शीतपेट्या बाहेर गेल्या आहेत,” डॅनियल म्हणाले. “शवागारात ठेवता येत नाही, कारण आमच्यात मृताला एकटं सोडत नाहीत. बर्फ चालेल. पण आत्याची एक अट आहे. स्नान घालून पांढरी वस्त्रं चढवून झाली आहेत. आता त्यांना पाण्याचा थेंब लागता कामा नये.”

आत्या म्हणजे सॉलोमनरावांची थोरली बहीण, रिबेकाबाई. मला त्यांची अडचण ऐकून, खरे सांगतो, आनंद झाला. आयुष्यात प्रथमच माझ्या शिक्षणाला नेमके शोभेल असे गिऱ्हाईक आले होते. पाणी न होणारा बर्फ असतो. तो पाण्याचा नसतोच; आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डाय-ऑक्साइड अतिशय थंड करून घट्ट केलेला असतो. तो वितळत नाही. घनाचा थेट वायू होतो, मधली द्रवाची पायरी गाळून. तळोज्याच्या बाजूला एकाकडे तो मिळत असे. मी तासाभरात दोन खोकी मागवली.

मामांनी खोके उघडून आत पाहिले. पांढऱ्या विटांवरून धूर ओघळत होता.

“याचं पानी व्हत नाय?”

“नाही.”

“मंग हा जातो कुटं?”

“हवेत, मामा.”

“आन् हवा कुटं जाते?”

मी हसलो. “हवा कुठं जाणार? चला, टेम्पोत चढवा.”

घर पनवेल गावात, पहिल्या मजल्यावर. आतल्या लहान खोलीत जमिनीवर सॉलोमनरावांना ठेवले होते. उशाशी जमिनीवरच एक दिवा तेवत होता आणि त्याच्याशेजारी एका बुटक्या स्टुलावर रिबेकाबाई बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढचे, पाठ ताठ. दोन वृद्ध गृहस्थ भिंतीशी बसून हलक्या आवाजात स्तोत्रे म्हणत होते. मी हातमोजे घालून त्या पांढऱ्या विटा कापडात गुंडाळल्या आणि दोन्ही बाजूंनी रचल्या. बाईंनी विचारले, “मागे काही उरणार नाही ना?” मी म्हणालो, “काहीच नाही. जणू नव्हतेच.” हे वाक्य मला तेव्हा फार चांगले जमले असे वाटले. मग गारवा टिकावा म्हणून खिडक्या लावायला आणि दाराखालची फट जुन्या चादरीने बुजवायलाही मीच सांगितले, आणि कारखान्यात परतलो.

साडेबाराला, आणखी काही लागेल का हे पाहायला पुन्हा गेलो. डॅनियल जिन्यातच भेटले. “सगळ्यांची डोकी जड झाली आहेत. रात्रभर जागले ना. आणि आत्याचं काहीतरी वेगळंच चाललंय, तुम्हीच बघा.”

खोलीत दिवा विझलेला होता. रिबेकाबाईंनी काडी ओढली. ती त्यांच्या खांद्याजवळ नीट पेटली. दिव्याकडे नेण्यासाठी त्यांनी हात खाली घेतला, आणि गुडघ्यापाशी येताच ज्योत आपसूक मिटली. वारा नव्हता, कोणी फुंकर मारली नव्हती. त्यांनी दुसरी काडी ओढली. तीही वर जळली आणि खाली विझली. जमिनीवर अशा विझलेल्या आठ-दहा काड्या पडल्या होत्या.

“तीनदा लावला,” त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास जोरात चालला होता. “आता तर पेटतच नाही. त्याला माझ्या हातचा दिवा नको आहे.”

डॅनियल माझ्या कानाशी म्हणाले, “मोझेसबरोबर काकाही तिकडे जायला निघाले होते. हिनंच अडवलं. मी इथे एकटी मरू का, म्हणाली. ते राहिले, पण शेवटची सहा वर्षं तिच्याशी धड बोलले नाहीत.”

मी काडी पाहत होतो. हा प्रयोग मी महाविद्यालयात काचेच्या भांड्यात केलेला होता. पेटती काडी भांड्यात सोडायची आणि ती विझते हे पाहून वहीत लिहायचे, वायू हवेपेक्षा जड आहे. आता ते भांडे म्हणजे ही खोली होती. बर्फाचे पाणी झाले नव्हते, हे खरे. त्याचा वायू झाला होता, तो जमिनीवर साचून वर चढत होता, आणि बुटक्या स्टुलावर बसलेली बाई त्यात छातीपर्यंत बुडाली होती. दाराची फट मी बुजवली होती.

“खिडक्या उघडा,” मी म्हणालो. माझा आवाज मोठा निघत नाही. दुसऱ्यांदा म्हणावे लागले. तेवढ्यात रिबेकाबाई उठू गेल्या आणि कलल्या. डॅनियलनी व मी त्यांना उचलून बाहेरच्या गॅलरीत आणले. स्तोत्रे म्हणणाऱ्यांपैकी एकजण बाहेर आला. दुसरे मात्र हलेनात. “त्याला एकटं सोडता येत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे जा. मी आहे.” त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मला काय सुचले कोणास ठाऊक, मी त्यांना म्हणालो, “दारात उभे राहा आणि तिथून पाहत राहा. पाहणं म्हणजेही सोबतच ना?” त्यांनी क्षणभर विचार केला आणि ते दारात आले. मी श्वास धरून आत गेलो, पांढऱ्या विटा खोक्यात भरल्या, गच्चीवर नेऊन ठेवल्या, पंखा पूर्ण वेगाने लावला.

दहा-पंधरा मिनिटांत सर्वांना हुशारी वाटू लागली. डॅनियलनी विचारले, “झालं काय?” मी उत्तरलो, “खोली फार कोंदली होती.” हे खोटे नव्हते. यापेक्षा चांगले त्या उत्तराविषयी काही म्हणता येणार नाही.

आता खोली उघडी, बाहेर मे महिन्याची दुपार, मोझेसचे विमान नुकते उतरलेले, आणि माझ्याजवळ बर्फ नाही. मी मामांना फोन केला आणि सारे सांगितले. लाद्या आणल्या तर पाणी होणार, आणि पाणी बाईंना चालत नाही.

मामा म्हणाले, “बरफ डब्यातनं काडायचाच कशाला?”

मला समजले नाही.

“डब्यासकट आनतो. इरघळंल तो आतल्या आत. पानी डब्यातच राईल.”

दिवसभर आमचे काम काय, तर बर्फ डब्यातून बाहेर काढणे. तो आतच राहू द्यावा, हे माझ्या मनाच्या आसपासही आले नव्हते. पाऊण तासात मामा उसाच्या गुऱ्हाळवाल्यांसाठीचे लहान डबे घेऊन आले. बाहेरचे मीठ त्यांनी स्वच्छ धुऊन पुसून काढले होते, आणि प्रत्येक डब्याखाली ठेवायला एकेक परात आणली होती. आम्ही ते वस्त्रांपासून हातभर दूर, दोन्ही बाजूंनी मांडले.

रिबेकाबाई परत येऊन बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी बोट दाखवले. डब्यांच्या बाहेरच्या अंगाला थेंब धरले होते आणि ओघळ परातीत उतरत होते. “डबे गळतात.”

“नाही बाई, हे आतले पाणी नव्हे. हवेत बाष्पाच्या रूपाने जे असते, ते थंड पृष्ठभागाच्या संपर्कात...”

“दव,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय मी, साहेब. सातवीला होता हा धडा.”

त्या बराच वेळ त्या थेंबांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे हे पाणी या खोलीतलंच. सकाळपासून जे जे येऊन बसले, त्यांच्या श्वासातलं.”

“काही अंशी, हो.”

डॅनियल टॉवेल घेऊन पुसायला वाकले, तर त्यांनी हाताने थांबवले. “असू दे. परातीतच पडतंय. हे परक्याचं पाणी नाही.”

मग त्यांनी काडी ओढली. ती खाली गेली तरी जळत राहिली. वात पेटली आणि ज्योत सरळ उभी राहिली. बाई डोळे मिटून बसल्या, आणि अगदी हळू, पण मला ऐकू येईल अशा स्वरात म्हणाल्या, “ऐकलं त्यानं.”

पावणेचारला मोझेस आला. पाठीवरची पिशवी न उतरवता तो वडिलांजवळ गुडघ्यांवर बसला आणि कपाळावर हात ठेवला. वस्त्रे कोरडी होती. रिबेकाबाई त्याला म्हणाल्या, “दुपारपर्यंत दिवा राहत नव्हता रे. तू इकडच्या मातीवर उतरलास आणि मग राहिला. माझ्यावरचा राग सोडला बाबानं तुझ्या.” तो आत्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडला. सूर्य मावळायच्या बराच आधी सारे पार पडले.

रिकामे डबे घेऊन परतताना टेम्पोत मामांनी विचारले, “बाईंना सांगितलंत का, दिवा कशानं इझला त्यो?”

“नाही.”

“मंग कवा सांगनार?”

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. मामांनी पुन्हा विचारले नाही, आणि माणसाच्या न विचारण्याचाही भार असतो हे मला तेव्हा कळले.

माझ्या मौनाची कारणे मी स्वतःशी पुष्कळदा तपासली आहेत. त्या दुपारी, काड्या विझत होत्या तेव्हा, मी खरे बोललो असतो तर एका म्हातारीच्या मनावरचे ओझे जागच्या जागी उतरले असते. मी बोललो नाही, कारण मला लाज वाटली. पुढे दिवा लागल्यावर तिला जे मिळाले ते पाहून मी बोललो नाही, आणि त्याला मी सहृदयता असे नाव दिले. पण जिला हवेतले पाणी एका शब्दात कळले, तिला हवेतला वायू कळला नसता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्या वर्षापासून त्यांच्या नववर्षाला, म्हणजे नवरात्राच्या मागेपुढे, रिबेकाबाईंकडून माझ्या घरी चिकाच्या हलव्याचे ताट येते. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात तासन्‌तास घोटायचा. पातळ असतो तोवर हात थांबवायचा नाही, आणि एका क्षणी तो भांड्याची कड सोडतो, मग ताटात ओतून थापायचा. गार झाला की वड्या पडतात. एवढे मला त्यांनीच फोनवर शिकवले आहे. हलवा उत्तम असतो. पहिली वडी मी दर वर्षी जरा उशिराच उचलतो.

यंदाच्या ताटाबरोबर निरोप आला आणि मागोमाग फोन. “पुढच्या वर्षी ताट नाही हं, साहेब. मोझेस न्यायला येतोय. दिवाळी झाली की निघायचं.” मी म्हणालो, प्रवासाला सांभाळून जा. त्या हसल्या. “इतकी वर्षं गेले नाही. आता जायला हरकत नाही. त्या दिवशी दिवा राहिला, तिथेच माझं नि सॉलोमनचं मिटलं. नाही तर कोणत्या तोंडानं गेले असते तिकडे?” मग म्हणाल्या, “निघायच्या आधी एकदा येऊन जा. तुमच्या डब्यांमुळे झालं सगळं.”

मी येतो म्हणालो आहे. त्या शब्बाथ संपल्यावर, शनिवारी दिवेलागणीनंतर, घरी असतात. मामांना विचारले, तर त्यांनी या वेळी मत देण्याचे नाकारले. “शास्त्र तुमचं, सर. बाई बी तुमचीच.”

दिवाळीनंतर दोन शनिवार उरतात. वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितले असते का?